टेकडीपलीकडचे समाधानी श्रोते

लोकांची सेवा करायची असेल तर आधी लोक मोजावे लागतात. दवाखाना रुग्ण मोजतो, शाळा पटावरची मुले मोजते, तुरुंग तर दिवसातून तीनदा मोजतो. रेडिओची मात्र यात मोठी पंचाईत असते. ऐकणारा माणूस आपण ऐकल्याची कोणतीही खूण मागे ठेवत नाही. तो दाढी करता करता ऐकतो, भाजी निवडता निवडता ऐकतो आणि ऐकून झाले की आपल्या कामाला लागतो. अशा माणसाला मोजायचे कसे, या प्रश्नाने भल्याभल्या रेडिओ केंद्रांची झोप उडवली आहे. आमच्या गोष्टीतल्या केंद्राने मात्र हा प्रश्न स्थापनेच्या पहिल्याच महिन्यात, एका बैठकीत, चहा यायच्या आत सोडवला.

तोडगा असा होता. ऐकणारा खूण ठेवत नाही, पण तक्रार करणारा ठेवतो. तेव्हा तक्रारी मोजाव्यात. जिथून तक्रार आली तिथला श्रोता असमाधानी. जिथून आली नाही तिथला श्रोता समाधानी. या तर्कात सव्वीस वर्षांत कोणालाही खोट सापडलेली नाही (निदान केंद्राच्या पगारपत्रकावर असलेल्यांपैकी कोणाला).

केंद्रप्रमुखांच्या, म्हणजे साहेबांच्या, खोलीत भिंतभर नकाशा होता. तक्रार आली की त्या जागी लाल टाचणी लागे. वर्षभर तक्रार आली नाही की हिरवी. नकाशाचा डावा भाग, म्हणजे खुद्द गाव, गोवर उठल्यासारखा लाल होता. त्यातही केंद्राच्या फाटकासमोरच्या गल्लीत टाचण्यांची इतकी दाटी झाली होती की नव्या टाचणीसाठी जुनी उपटावी लागे. फाटकासमोरच्या शिंप्याच्या एकट्याच्या नावावर अकरा होत्या. त्याचे म्हणणे होते की त्याने रेडिओ बंद केला तरी भिंतीतून ऐकू येते.

नकाशाच्या मधोमध एक टेकडी होती आणि टेकडीच्या उजवीकडे नऊ वस्त्या. तिथे सगळे हिरवेगार. सव्वीस वर्षांत टेकडीपलीकडून एकही तक्रार आलेली नव्हती. कागदोपत्री या भागाला 'आदर्श श्रवण विभाग' म्हणत. गावातले समाधान एकतीस टक्के, टेकडीपलीकडचे शंभर टक्के. दोहोंची सरासरी काढून ती दर तिमाहीला वर पाठवली जाई आणि वरून शाबासकी येई.

या समाधानाचे कारण केंद्रात फक्त एकच माणूस तोंडाने सांगत असे. ते म्हणजे टॉवरकाका. प्रक्षेपणाचा टॉवर, त्याचे दिवे, त्याच्या तारा आणि त्याच्यावर बसणारे कावळे ही सगळी त्यांची जबाबदारी. नवा साहेब रुजू झाला की टॉवरकाका त्याला पहिल्याच दिवशी गच्चीवर नेत आणि हात लांब करून सांगत, "साहेब, आपला आवाज सरळ रेषेत जातो. ती टेकडी मधे आहे ना, तिच्यावर जाऊन आपटतो. पलीकडे नुसती खरखर." साहेब टेकडीकडे पाहत, डोळ्यांवर हात धरत आणि खाली येऊन कागदावर 'नोंद घेतली' असे लिहीत.

म्हणून साहेब लोक हातावर हात धरून बसले होते असे मात्र कोणी समजू नये. प्रक्षेपण कमी पडते याची त्यांना मनापासून खंत होती. पण टॉवर हलवायचा म्हणजे सात कार्यालयांची परवानगी लागते आणि कार्यक्रमांचा साचा बदलायचा म्हणजे साहेबांची एक सही. त्यामुळे प्रक्षेपणाचा विषय निघाला की साचा बदलायचा, अशी पद्धत पडून गेली. प्रत्येक साहेबाची त्यामागे स्वतंत्र विचारसरणी होती.

पहिल्या साहेबांनी केंद्र 'ज्ञानप्रधान' ठेवले होते. दुसऱ्या साहेबांनी आल्या आल्या निदान केले की इतके जड विषय टेकडीच्या अलीकडेच पडणार, आणि दिवसभर उडत्या चालीची गाणी लावायला सांगितले. तिसऱ्यांनी दर दहा मिनिटांनी ताज्या बातम्या सुरू केल्या. गावातल्या बातम्या साधारण साडेनऊपर्यंत संपत. पुढे दिवस काढायचा म्हणून कचेरीमागच्या गल्लीतला एक बंद पडलेला दिवा अद्याप बंदच असल्याचे सांगितले जाई. त्या दिव्याला सलग सतरा दिवस जी प्रसिद्धी मिळाली ती गावातल्या कोणत्याही पुढाऱ्याला मिळालेली नाही. चौथ्या साहेबांनी 'आरोग्य' हा साचा आणला. दीड महिन्यात निम्म्या गावाला आपल्या यकृताची जागा समजली आणि तिथे दुखूही लागले. पाचव्यांनी 'तरुणाई' आणली. तीत निवेदकाने प्रत्येक वाक्यानंतर हसावे असा लेखी आदेश होता. पहिल्याच आठवड्यात निधनवार्ताही तशाच वाचल्या गेल्या (लाल टाचण्या : दोनशे चाळीस).

या पाचही साच्यांत टेकडीपलीकडून तक्रार शून्य. ज्ञान, गाणी, बातम्या, यकृत, हसू, सगळे तिकडच्या लोकांनी सारख्याच शांतपणे घेतले. अहवालात त्यांचा उल्लेख 'सर्व विषयांत समान रुची असलेले प्रगल्भ श्रोते' असा होई. गावातल्या लोकांनी त्यांच्याकडून काही शिकावे, असे परिपत्रकही एकदा निघाले होते.

सगळे साचे बदलले तरी एक गोष्ट बदलली नाही, ती म्हणजे सकाळबाई. सात ते आठचा सकाळचा कार्यक्रम पहिल्या दिवसापासून त्यांच्याकडे होता, म्हणून हे नाव. खरे नाव हजेरीपटावर होते आणि तिथेच राहिले. सकाळबाई वेळ सांगत, हवा सांगत, बसच्या वेळा वाचत, कोणत्या भागात पाणी किती वाजता येणार ते सांगत आणि शेवटी हरवले-सापडले. ज्ञानप्रधान काळात त्या हेच वाचण्याआधी बसच्या शोधाचा इतिहास सांगत. तरुणाईच्या काळात हेच वाचून हसत. 'टाकीच्या दुरुस्तीमुळे आज पाणी येणार नाही' हे वाक्य हसून म्हणण्याचा त्यांनी घरी आरशासमोर सराव केला होता. नोकरी म्हटली की हे आलेच.

सकाळबाईंची आई टेकडीपलीकडच्या चौथ्या वस्तीत, मुलगा आणि सून यांच्यासोबत राहत होती. वय एक्याऐंशी, दात स्वतःचे, मते स्वतःची. सकाळबाई रोज संध्याकाळी फोन करून विचारत, "आज ऐकलंस का?" आणि आई सांगे, "ऐकलं. छान बोललीस." सव्वीस वर्षे हेच प्रश्नोत्तर चालू होते.

आता सकाळबाईंना टेकडी ठाऊक नव्हती का? होती. पण टॉवरकाका एकदा बोलता बोलता म्हणाले होते की एखादी लहर कुठून तरी निसटून पलीकडे जातही असेल, सांगता येत नाही. ती लहर नेमकी आपल्या आईच्या घरात शिरते, असे सकाळबाईंनी मनाशी पक्के करून टाकले होते. माणसाला स्वतःच्या आईपुरता एवढा अपवाद करता येतो.

निवृत्तीला चार महिने उरले असताना साठलेली रजा संपवण्याचा आदेश निघाला. सकाळबाईंनी एका दिवसाचा कार्यक्रम आगाऊ ध्वनिमुद्रित करून ठेवला आणि आदल्या दुपारच्या बसने माहेरी गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तोंड धुऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या तेव्हा सात वाजत होते. आई आंघोळ करून, केस विंचरून, फडताळाजवळच्या खुर्चीवर बसली होती. फडताळात रेडिओ. तिने बटण फिरवले आणि हात मांडीवर ठेवले.

खरखर सुरू झाली. जोराची, एकसुरी खरखर, तव्यावर पाणी शिंपडत राहावे तशी. आई नीट बसून ऐकत होती. मधेच मान डोलवत होती. वहिनी पाय न वाजवता ओट्यापाशी वावरत होती आणि भांडे ठेवतानाही हलक्या हाताने ठेवत होती. सकाळबाईंकडे पाहून तिने तोंडावर बोट ठेवले. बरोबर आठला आईने बटण उलटे फिरवले.

सकाळबाईंनी विचारले, "आई, यात काहीच ऐकू येत नाही ग."

"येतं की."

"काय येतं?"

"सात वाजले, खरखर लागली, म्हणजे तू पोचलीस कामावर. तेवढं कळलं की झालं माझं."

"आणि रोज छान बोललीस म्हणून सांगतेस ते?"

"तू वाईट कशाला बोलशील?" आई म्हणाली आणि चहाचे विचारायला वहिनीकडे वळली.

सव्वीस वर्षे हजारो लोकांनी सकाळबाईंचे ऐकले होते आणि शेकड्यांनी नावे ठेवली होती. पण त्या जिच्यासाठी रोज सातच्या ठोक्याला घसा साफ करत होत्या, तिने त्यांचा एक शब्दही ऐकला नव्हता. उलट तिनेच आपल्याला सांभाळून घेतले होते. परतीच्या बसमध्ये त्यांनी रुमाल तोंडाशी धरून रडून घेतले आणि टेकडीचे वळण आले तेव्हा ठरवले की निवृत्तीआधी एक सकाळ, एकच तास, आईला आपण खरोखर ऐकू आले पाहिजे. बाकी निरोपसमारंभ झाला नाही तरी चालेल.

त्या टॉवरकाकांकडे गेल्या. काकांनी त्यांना गोदामात नेले. तिथे एका फळीवर, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, संदुकीएवढा एक डबा होता. हा डबा टेकडीवर बसवला की अलीकडचा आवाज उचलून पलीकडे टाकतो, असे काकांनी सांगितले. तो येऊन नऊ वर्षे झाली होती. बसवायला एक दिवस लागला असता. अडचण एवढीच होती की डबा बसवण्याचा आदेश निघायला गरज सिद्ध व्हावी लागत होती, आणि गरज सिद्ध व्हायला संबंधित भागातून निदान एक तक्रार यावी लागत होती. संबंधित भाग सव्वीस वर्षे शंभर टक्के समाधानी होता.

तक्रारीसाठी नमुना क्रमांक चार हा छापील अर्ज असे. तो सर्वांना खुला होता. तो कुठे मिळतो हे रोज सकाळी रेडिओवर सांगितले जाई. त्यातले रकाने असे : तक्रारदाराचे नाव, वस्ती, कार्यक्रमाचे नाव, तारीख आणि वेळ, काय ऐकू आले (सविस्तर), काय ऐकू यायला हवे होते. खाली बारीक अक्षरांत एक टीप होती : 'कार्यक्रम न ऐकता केलेली तक्रार ग्राह्य धरली जाणार नाही.' उगाच कोणीही उठून ऐकू येत नाही म्हणून तक्रार करू नये, यासाठी ही दक्षता होती.

आईकडून हा अर्ज भरून घ्यायला सकाळबाईंना तीन रविवार लागले. पहिल्या रविवारी आई म्हणाली की माझ्या पोरीच्या कामाबद्दल मी तक्रार करू, मला काय वेड लागलंय? दुसऱ्या रविवारी तिने अर्ज वाचला आणि या लोकांना शुद्ध लिहिता येत नाही असा शेरा मारला. तिसऱ्या रविवारी वहिनीने मध्यस्थी केली, चष्मा शोधून दिला, आणि आईने आपल्या किरट्या अक्षरात अर्ज भरला. 'काय ऐकू आले' या रकान्यात तिने लिहिले, 'खरखर. सात ते आठ. मधे कुठे थांबली नाही.' शेवटच्या रकान्यात, काय ऐकू यायला हवे होते तिथे, एकच शब्द होता : 'मुलगी.'

अर्ज सोमवारी साहेबांच्या टेबलावर गेला. हे सहावे साहेब. त्यांच्याबरोबर एक सल्लागार असे. तो कोणत्या विषयाचा सल्लागार आहे हे विचारायचे राहून गेले होते. अर्जावरचे वस्तीचे नाव वाचून साहेब खुर्चीतून उठले, नकाशापाशी गेले आणि परत येऊन बसले. लगेच सगळ्यांची बैठक बोलावण्यात आली.

साहेबांचा चेहरा आनंदाने फुलला होता. त्यांनी मुद्देसूद सांगितले. एक, कार्यक्रम ऐकल्याशिवाय तक्रार करता येत नाही, हा आपला नियम आहे. दोन, टेकडीपलीकडून तक्रार आली आहे. तीन, त्याअर्थी टेकडीपलीकडे कार्यक्रम ऐकू जातो. सव्वीस वर्षांचा प्रश्न सुटला होता. डबा बसवण्याची गरज उरलेली नसल्याने त्याला नवे प्लास्टिक गुंडाळून पुन्हा फळीवर ठेवावे, असा ठराव झाला.

टॉवरकाकांनी घसा खाकरला. "पण साहेब, म्हातारीनं खरखर लिहिलीय."

"काका, काय ऐकलं हा कार्यक्रमाचा प्रश्न झाला," साहेब समजुतीने म्हणाले. "ऐकलं, हा तांत्रिक प्रश्न. तुमचा प्रश्न मिटलाय. तुम्ही आता निवांत राहा."

सल्लागाराने तेवढ्यात एक गंभीर बाब नजरेस आणली. या एका लाल टाचणीने आदर्श विभागाचे समाधान शंभरावरून नव्व्याण्णव पूर्णांक अठ्ठ्याण्णव शतांशांवर घसरले होते. ते सावरायला हवे होते. त्याने रात्रंदिवस अभ्यास करून चार दिवसांत अहवाल दिला. अहवालाचा सारांश असा : गावातले लोक बोलणे आणि गाणी ऐकतात आणि एकतीस टक्के समाधानी आहेत. टेकडीपलीकडचे लोक, उपलब्ध एकमेव लेखी पुराव्यानुसार, अखंड खरखर ऐकतात आणि जवळजवळ शंभर टक्के समाधानी आहेत. तेव्हा लोकांना काय आवडते याबद्दल आता शंका घेण्याचे कारण नाही.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून केंद्राचा सहावा साचा ठरला. नाव 'नैसर्गिक ध्वनी', वेळ दिवसभर. उत्तम खरखर निवडण्यासाठी तिघांची समिती नेमली गेली. समितीने कागद चुरगाळणे, धान्य पाखडणे आणि नळ पूर्ण सोडणे असे नमुने ऐकले, पण त्यांत जिवंतपणा नाही असे तिचे मत पडले. शेवटी टॉवरकाकांना यंत्र देऊन टेकडीपलीकडे पाठवले आणि अस्सल खरखर ध्वनिमुद्रित करून आणायला लावली. काकांनी सव्वीस वर्षांत केलेल्या कामांपैकी कौतुक झाले ते याचे. निवेदकांना त्याच तारखेपासून तक्रार विभागात हलवायचे ठरले. सकाळबाईंचा निवृत्तीपर्यंतचा दीड महिना तिथेच जाणार होता. महिन्याच्या अखेरची सकाळ ही त्यांची शेवटची सकाळ.

सकाळबाई उभ्या आयुष्यात प्रथमच बोलावल्याशिवाय साहेबांच्या खोलीत गेल्या. "मला फक्त एक सकाळ हवी होती, साहेब," त्या म्हणाल्या. "आईला एकदा माझा आवाज ऐकू यावा म्हणून तो अर्ज होता. डबा बसवा, पुन्हा काढा हवा तर."

साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांना खरेच वाईट वाटले. पण ठराव झाला होता, आणि झालेला ठराव मागे घेण्याचा अर्ज कोणत्या नमुन्यात करायचा हे कोणालाच माहीत नव्हते. मग त्यांना एक कल्पना सुचली. टेकडीपलीकडची पहिली सिद्ध श्रोती म्हणून आईंचा सत्कार करू, शेवटच्या सकाळी, थेट स्टुडिओत. गाडी पाठवू. सकाळबाईंनी एरवी असल्या सोहळ्यावर फुली मारली असती. पण आई स्टुडिओत येणार म्हणजे आई समोर बसणार, एवढे त्यांना पुरे होते. खरखरीच्या जयजयकारासाठी का होईना, येऊ दे, असे म्हणून त्यांनी मान डोलावली.

त्या दिवशी पावणेसातला आई आली. ठेवणीतले पातळ, पायांत मुलाचे मोजे. स्टुडिओ म्हणजे एक लहानशी खोली. भिंतींना जाड कापड, दार उघडायला दोन माणसे, टेबलावर दोन मायक्रोफोन. काचेपलीकडे टॉवरकाका बसले होते. ते त्यांचे काम नव्हते, पण आज ते तिथून उठायला तयार नव्हते. त्यांनी आत येऊन आईच्या कानांवर हेडफोन चढवला. तो मोठा होत होता, म्हणून तिने दोन्ही हातांनी धरून ठेवला.

सात वाजले. लाल दिवा लागला.

सकाळबाईंनी हवामान सांगितले. सव्वीस वर्षांत त्या अडखळल्या नव्हत्या, आज 'किमान तापमान' म्हणताना अडखळल्या. मग पाण्याच्या वेळा, मग बसच्या. त्या वाचत होत्या आणि कागदावरून डोळे काढून आईकडे पाहत होत्या. आईच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही हलत नव्हते. मान डोलवणे नाही, हसू नाही. खरखरीला तरी ती मान डोलवत होती. सकाळबाईंना वाटले, हिला खरेच ऐकू येतेय ना? की आता उशीर झाला? त्यांनी घाईघाईने उरलेल्या बस संपवल्या.

साडेसातला साहेब आत आले. त्यांनी आईला प्रमाणपत्र दिले, पुष्पगुच्छ दिला, दुसरा मायक्रोफोन पुढे केला आणि सबंध प्रक्षेपणक्षेत्राच्या साक्षीने विचारले, "आजी, सांगा बघू, कसं ऐकू येतं?"

आईने हेडफोन धरलेले हात जराही न हलवता सांगितले, "फार भरभर बोलते ही."

साहेब हसले. "पण छान बोलतात ना?"

"छान बोलते. पण भरभर. दुसऱ्या बसची वेळ मला कळलीच नाही. एखाद्याची बस चुकेल अशानं." मग मुलीकडे वळून ती म्हणाली, "आणि शब्दाचा शेवट गिळतेस. लहानपणापासून गिळतेस."

काचेपलीकडे टॉवरकाकांनी तोंड फिरवले. सकाळबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले आणि त्यांना ते पुसावेसेही वाटेना. रोज संध्याकाळी मिळणारे 'छान बोललीस' हे आईच्या मायेबद्दल होते. त्यात त्यांच्या आवाजाचा काही संबंध नव्हता. आज पहिल्यांदा आईने त्यांना नावे ठेवली होती, म्हणजे आज पहिल्यांदा तिने त्यांना ऐकले होते. ज्या नियमाने त्यांचा घात केला त्याच नियमाने त्यांना हे कळले. इतका आनंद त्यांना नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

त्यांनी बसच्या वेळा पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. सावकाश, एकेका शब्दाचा शेवट स्वच्छ उच्चारत, समोर बसलेल्या एकाच माणसाला कळेल अशा. पाणी परत सांगितले. हरवलेल्या छत्रीचे वर्णन तर असे केले की छत्री समोर उभी राहिली. आता आईने मान डोलवली. गावातून त्रेचाळीस फोन आले की रेडिओची बॅटरी उतरली आहे का, बाई इतक्या हळू का बोलताहेत. कार्यक्रम आठऐवजी आठ वाजून अकरा मिनिटांनी संपला. त्यानंतर सकाळबाईंनी तक्रारवही मागवून घेतली आणि आईची तक्रार स्वतःच्या हाताने नोंदवली. 'केलेली कार्यवाही' या रकान्यात त्यांनी लिहिले : 'त्याच वेळी सुधारणा केली. तक्रारदार खूश.' केंद्राच्या इतिहासात हा रकाना भरला गेल्याची ही एकमेव नोंद आहे.

पहिल्या तारखेपासून खरखर सुरू झाली. पहिल्या आठवड्यात गावातून तीनशे बारा तक्रारी आल्या. दुसऱ्या आठवड्यात चाळीस, तिसऱ्यात सात. मग लोकांनी रेडिओ लावणेच सोडून दिले. वर्षभर तक्रार नाही म्हटल्यावर नियमाप्रमाणे टाचण्या बदलल्या गेल्या आणि सगळे गाव हिरवे झाले, फाटकासमोरचा शिंपीही हिरवा झाला. समाधान शंभर टक्के. टेकडीच्या दोन्ही बाजूंना प्रथमच एकसारखे प्रक्षेपण पोहोचले, असे वार्षिक अहवालात ठळक अक्षरांत छापले आहे, आणि ते खोटे आहे असे कोणाला म्हणता येणार नाही. साहेबांना बढती मिळाली. निवृत्त सकाळबाई आता सकाळी सातला आईला फोन करून बसच्या वेळा वाचून दाखवतात, आणि आई रोज त्यात काही ना काही खोट काढते.

सल्लागाराला आता बाहेरूनही मागणी आहे. पाणीपुरवठ्याने त्याला नेला, मग रस्तेवाल्यांनी, दवाखान्यांनी, शाळांनी. सध्या तो पुस्तके छापणाऱ्यांकडे असतो. नकाशा तोच, पद्धत तीच. तुम्ही ही गोष्ट इथवर वाचलीत आणि एकदाही हूं की चूं केले नाहीत. गेल्या वर्षभरात नळाबद्दल, समोरच्या खड्ड्याबद्दल, मुलांच्या शाळेबद्दलही घरच्या माणसांखेरीज कोणापाशी केले नसणार. तेव्हा तुमच्या घरावर आठ-दहा नकाशांत हिरवी टाचणी लागलेली आहे. तुमच्यापर्यंत काही पोहोचते की नुसती खरखर, हे विचारायला आता कोणी येणार नाही. तुमच्या समाधानाचा अहवाल वर गेला आहे.